विश्लेषण : जावाच्या ‘केरिस’ खंजिराचे पाते कसे वाचतात? नक्षी आणि दर्जा ओळखण्याच्या खुणा कोणत्या?

नेदरलँड्सने ३ मार्च २०२० रोजी इंडोनेशियाला एक खंजीर परत केला. जावा बेटावर १८२५ ते १८३० अशी पाच वर्षे डच सत्तेशी लढलेल्या राजपुत्र दिपोनेगोरो यांचा हा ‘केरिस’ जवळपास १९० वर्षे परदेशात होता. इंडोनेशियात त्याचे स्वागत झाले. पण छायाचित्रे प्रसिद्ध होताच केरिसच्या जाणकारांनी एक अवघड प्रश्न विचारला. हा केरिस खरोखर तोच कशावरून? शंकेचे कारण पात्याच्या बुंध्याशी कोरलेल्या नागात होते. एका खंजिराची ओळख पटवण्यासाठी नेमके काय पाहतात, पात्यावरील चंदेरी नक्षी कशी तयार होते आणि चांगला केरिस साध्या केरिसपासून कसा वेगळा ओळखतात, याविषयी…

केरिस म्हणजे नेमके काय?

केरिस हा साधारण ३० ते ४० सेंटिमीटर लांबीच्या पात्याचा, दोन्ही बाजूंना धार असलेला खंजीर. त्याची पहिली खूण म्हणजे पात्याचा असमान बुंधा. टोकाकडे निमुळते होत जाणारे पाते मुठीजवळ एकदम रुंद होते आणि तेही एका बाजूला जास्त. पाते नागमोडी असलेच पाहिजे असा अनेकांचा समज असतो, पण तो चुकीचा आहे. सरळ पात्याचे केरिसही मोठ्या संख्येने आढळतात.

केरिसचे भाग सुटे होतात. पात्याला ‘विलाह’ म्हणतात. बुंध्याशी आडवी बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे ‘गोंजो’. पात्यातून निघालेला आणि गोंजोच्या छिद्रातून मुठीत जाणारा दांडा म्हणजे ‘पेसी’. म्यानाला ‘वारांगका’ म्हणतात. मध्य जावात त्याचे दोन मुख्य आकार आहेत. समारंभासाठी होडीसारखा ‘लाद्रांग’ आणि एरवीसाठी गोलसर ‘गायामान’. मूठ आणि म्यान झिजले की बदलतात. त्यामुळे सुंदर म्यान पाहून आतल्या पात्याविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

जावाच्या जुन्या समजुतीनुसार पुरुषाच्या परिपूर्ण आयुष्यासाठी पाच गोष्टी लागतात : विस्मा, वनिता, तुरांगा, कुकिला आणि चुरिगा. म्हणजे घर, पत्नी, घोडा, पक्षी आणि केरिस. वेश्म, वनिता, तुरंग, कोकिळा आणि छुरिका हे संस्कृत शब्द त्यात सहज ओळखू येतात. युनेस्कोने २००५ मध्ये इंडोनेशियाच्या केरिसची अमूर्त वारसा म्हणून घोषणा केली आणि २००८ मध्ये तो मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत आला.

ही परंपरा किती जुनी?

अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातील ‘क्नाउदचा केरिस’ हा ज्ञात केरिसांपैकी सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. त्याच्या पात्यावर तांब्याचा पत्रा असून त्यावर रामायणातील प्रसंग आहेत आणि शके १२६४, म्हणजे इसवी सन १३४२ हे वर्ष आहे. महाराष्ट्रातील पंचांगात असते तीच ही शककालगणना. १५व्या शतकाच्या आरंभी चिनी आरमाराबरोबर जावात आलेल्या मा हुआन याने तेथील पुरुष कमरेला खंजीर बाळगतात आणि त्याच्या पोलादावर बारीक नक्षी असते, अशी नोंद केली आहे.

मध्य जावातील लावू पर्वताच्या उतारावर १५व्या शतकातील चंडी सुकुह हे मंदिर आहे. त्याच्या एका शिल्पपटात लोहारशाळा दिसते. डावीकडे भीम पाते घडवतो आहे, उजवीकडे अर्जुन भाता चालवतो आहे आणि मध्ये गणेश नाचतो आहे. लोहारकामाला जावात केवढा मान होता, हे या एका शिल्पातून कळते. केरिस घडवणाऱ्या उस्तादाला ‘एम्पू’ ही आदराची पदवी लावली जाते, ती याच परंपरेतून.

आकार कसा ओळखतात?

केरिस हातात आला की जाणकार प्रथम ‘धापुर’ पाहतो. धापुर म्हणजे पात्याचा ठरलेला घाट. पाते सरळ आहे की वळणांचे, वळणे किती आणि बुंध्याशी कोणकोणते कोरीव भाग आहेत, या तिन्हींवरून धापुराचे नाव ठरते.

वळणाला ‘लुक’ म्हणतात. बुंध्याकडच्या पहिल्या वळणापासून टोकापर्यंत, एकदा या कडेचे आणि एकदा त्या कडेचे असे आलटून पालटून लुक मोजतात. ही संख्या नेहमी विषम येते : ३, ५, ७, ९, ११ किंवा १३. तेराहून अधिक वळणांचे केरिसही आहेत, पण ते अपवाद मानून त्यांना ‘कालाविजा’ या वेगळ्या वर्गात टाकतात. मोजणी सम आली तर बहुतेक वेळा मोजणाऱ्याने एखादे वळण सोडलेले किंवा दोनदा धरलेले असते.

मग नजर बुंध्याकडे जाते. तेथील तपशिलांना ‘रिचिकान’ म्हणतात. हत्तीच्या सोंडेसारखा पुढे वळलेला आकडा म्हणजे ‘कंबांग काचांग’. त्याच्याखालचा लहान टोकदार भाग म्हणजे ‘लांबे गजाह’, शब्दशः हत्तीचा ओठ. अंगठ्याने दाबल्यासारखा खळगा म्हणजे ‘पेजेतान’. पात्याच्या मध्याकडे चढत जाणाऱ्या खोल पन्हळी म्हणजे ‘सोगोकान’. दुसऱ्या बाजूच्या कडेवरील बारीक दाते म्हणजे ‘ग्रेनेंग’. या दात्यांमध्ये जावानीज लिपीतील ‘ढ’ या अक्षराचा आकार साधलेला असतो.

धापुरांची नावेही बोलकी आहेत. साध्या सरळ पात्याचा ‘ब्रोजोल’, सरळच पण थोडा अधिक घाटदार ‘तिलाम उपिह’, पाच वळणांचा ‘पांडावा’, तेरा वळणांचा ‘सेंगकेलात’. ‘पासोपाती’ हे नाव अर्जुनाच्या पाशुपतास्त्रावरून आले आहे. ‘नागासास्रा’मध्ये बुंध्याशी नागाचे डोके असून त्याचे अंग पात्याच्या वळणांबरोबर टोकाकडे जाते. ‘नागा सिलुमान’मध्ये डोके असते, पण अंग दिसत नाही. सिलुमान म्हणजे अदृश्य होणारा.

पात्यावरची चंदेरी नक्षी कशी तयार होते?

या नक्षीला ‘पामोर’ म्हणतात. ‘मिसळणे’ या अर्थाच्या जावानीज शब्दापासून हे नाव आले आहे. नक्षी कोरलेली नसते आणि रंगवलेलीही नसते. ती धातूच्या आत असते आणि तासून वर आणली जाते.

एम्पू लोखंड आणि निकेलयुक्त धातू यांचे थर भट्टीत तापवून घणाने एकजीव करतो. मग तो तुकडा लांबवतो, घडी घालतो आणि पुन्हा जोडतो. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. दोन थरांपासून सुरुवात केली तर सहा घड्यांत १२८ थर होतात. घड्या जास्त झाल्या की नक्षी केसासारखी बारीक होत जाते आणि फारच जास्त झाल्या तर जवळपास दिसेनाशी होते. त्यामुळे ‘जितके थर अधिक तितका केरिस चांगला’ हा हिशेब बरोबर नाही. किती थरांवर थांबायचे हे ओळखण्यात एम्पूचे कसब असते.

अशा दोन थरदार पट्ट्यांच्या मध्ये शुद्ध पोलादाची पट्टी घालतात. धार याच पोलादाची असते. म्हणूनच चांगल्या केरिसच्या कडेला नक्षी संपून करड्या-निळसर पोलादाची सलग रेघ दिसते. पाते घडवून, तासून झाले की त्यावर सोमलयुक्त द्रावण लावतात. लोखंड काळे पडते, निकेलचा भाग चंदेरी राहतो आणि नक्षी उठून दिसते.

भारतीय वुट्झ पोलादाच्या तलवारींवरही नागमोडी रेषा दिसतात, पण तो प्रकार वेगळा. वुट्झमध्ये मुशीत वितळवलेले पोलाद सावकाश थंड होताना आतल्या घडणीतच नक्षी तयार होते. केरिसमध्ये ती दोन वेगळ्या धातूंचे थर जोडून मुद्दाम रचली जाते.

नक्षीचे मुख्य प्रकार कोणते?

थर पात्यात कसे बसवले आहेत, यावरून दोन मोठे वर्ग पडतात. पहिला ‘म्लुमाह’, म्हणजे पालथा नव्हे तर उताणा. यात थर पात्याच्या पृष्ठभागाला समांतर असतात. कांदा वरच्यावर चकतीसारखा तासला तर जशी वर्तुळे आणि वेडीवाकडी कडी दिसतात, तशी येथे नक्षी दिसते. दुसरा ‘मिरिंग’, म्हणजे कललेला. यात थर उभे करून बसवतात आणि पृष्ठभागावर त्यांच्या कडा दिसतात. कांदा उभा चिरल्यावर दिसणाऱ्या रेघांसारखे.

म्लुमाह वर्गातील सर्वाधिक आढळणारी नक्षी म्हणजे ‘वोस वुताह’, सांडलेले तांदूळ. ठिपके आणि आखूड रेषा विखुरलेल्या दिसतात. ‘पुलो तिर्तो’मध्ये पाण्यातील बेटांसारखे सुटे पुंजके असतात. ‘न्गुलित समांगका’ कलिंगडाच्या सालीसारखी दिसते. ‘उदान मास’, म्हणजे सोन्याचा पाऊस. यात एकात एक अशी बारीक वर्तुळे ओळीने असतात. तापलेल्या पात्यावर ठशाने खळगे पाडून नंतर पृष्ठभाग सपाट केला की दबलेल्या थरांची वर्तुळे होतात.

मिरिंग वर्गात ‘अदेग’ ही टोकापर्यंत जाणाऱ्या उभ्या रेघांची नक्षी आहे. ‘ब्लारक न्गिरिद’मध्ये मधल्या शिरेपासून दोन्हीकडे नारळाच्या झावळीसारखी पाती फुटतात. थर उभे राखून ते सरकू न देता पाते घडवणे जास्त कठीण असते. थोडा घाव चुकला की झावळी वाकडी होते. म्हणून स्वच्छ मिरिंग नक्षी घडवायला वेळ, धातू आणि कोळसा जास्त लागतो.

आणखी एक भेद महत्त्वाचा. एम्पूने आधी ठरवून काढलेल्या नक्षीला ‘रेकान’ म्हणतात आणि घडवता घडवता आपोआप उमटलेल्या नक्षीला ‘तिबान’, म्हणजे वरून पडलेली. तिबान नक्षी ही ईश्वरी देणगी समजली जाते. वोस वुताह बहुधा या वर्गात धरतात.

पामोर उल्केच्या लोखंडाचा असतो का?

काही वेळा असतो. बहुतेक वेळा नसतो. १८व्या शतकात मध्य जावातील प्रम्बानन मंदिरांच्या परिसरात लोहउल्का सापडली. तिचा मोठा तुकडा शतकाच्या अखेरीस सुराकार्ताच्या राजवाड्यात नेण्यात आला. तेथे तो आजही ‘कांजेंग क्याई पामोर’ या आदरार्थी नावाने जपलेला आहे. दरबारी एम्पूंनी या धातूचा वापर केला. मात्र तो थोडका होता आणि राजघराण्याच्या ताब्यात होता.

उल्का मिळण्याआधीही नक्षीचे केरिस होतेच. सुलावेसी बेटावरील लुवू भागातले निकेलयुक्त लोखंड त्यासाठी प्रसिद्ध होते. शिवाय निकेल अजिबात नसले, तरी वेगवेगळ्या ठिकाणची, वेगळ्या अशुद्धींची लोखंडे एकत्र जोडून मंद नक्षी मिळते. पुढे युरोपातून आलेले निकेल वापरात आले आणि आजचे बहुतेक एम्पू बाजारातील निकेलच वापरतात.

उल्केच्या लोखंडात मुळात स्फटिकांची विशिष्ट जाळीदार रचना असते, पण ते तापवून घणाखाली घातले की ती नष्ट होते. त्यामुळे पात्याकडे नुसते पाहून ‘हे उल्केचेच’ असे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. क्ष-किरणांच्या साहाय्याने पात्याला धक्का न लावता निकेलचे प्रमाण मोजता येते, पण निकेल आढळले एवढ्यावरून ते आकाशातून आले हे सिद्ध होत नाही. पावतीवर ‘उल्केचा पामोर’ असे लिहून दुप्पट किंमत मागितली जाते, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दर्जा कसा ठरतो?

नवख्याची नजर आधी नक्षीवर जाते आणि जाणकाराची आधी लोखंडावर. जावामध्ये जुन्या केरिसची पारख तीन शब्दांत सांगतात : तांगुह, सपुह, वुतुह. म्हणजे घडणीची शैली व काळ, वय आणि अखंडता. या तिघांत पामोराचे नाव नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

लोखंड पाहताना त्याचा पोत, रंग आणि घट्टपणा पाहतात. चांगले घडवलेले लोखंड दाट असते, त्यात भेगा किंवा उघडी छिद्रे नसतात. घड्या घालताना प्रत्येक वेळी मळ बाहेर पडतो, म्हणून जास्त मेहनत घेतलेला धातू अधिक स्वच्छ होतो. पाते हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलके वाटणे ही जुन्या, चांगल्या घडणीची खूण मानतात. नखाने टिचकी मारून आवाजही ऐकतात. जोड नीट बसलेले पाते स्वच्छ वाजते, आत फट असलेले बोदे वाजते.

त्यानंतर जोड तपासतात. पोलादी गाभा आणि बाजूचे थर यांच्यात फट पडली असेल तर त्याला ‘पेगात वाजा’ म्हणतात. हा घडणीतील गंभीर दोष. गोंजो आणि पाते यांचा सांधा प्रकाशासमोर धरून पाहतात. नीट बसवलेल्या सांध्यातून उजेड दिसत नाही. गोंजो पात्याच्याच धातूतून कापलेला असेल तर पात्यावरची नक्षी त्याच्यावरही जुळते. नक्षी किंवा लोखंडाचा रंग वेगळा असेल, तर गोंजो मागाहून बदललेला असण्याची शक्यता असते. अर्थात काही केरिसना मुळातच बिननक्षीचा गोंजो बसवतात, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर निकाल देत नाहीत.

पामोराची पाळी यानंतर येते. नक्षी लोखंडात रुजलेली दिसली पाहिजे, वर चिकटवल्यासारखी नव्हे. रेषांच्या कडा स्पष्ट हव्यात. दोन्ही बाजूंची नक्षी एका जातीची हवी. ती पात्याच्या मध्यावर सुरू होऊन धारेपाशी आवरती झालेली हवी. नक्षी धारेवर चढली, तर पोलादी गाभा कमी पडला किंवा एका बाजूला सरकला असे समजतात.

शेवटी पूर्ण पाते हातभर अंतरावर धरून पाहतात. वळणांची खोली टोकाकडे क्रमाने कमी होते का, मधला कणा एका ओघात जातो का, बुंध्याचा कल आणि टोकाची दिशा यांचा तोल जमला आहे का? नक्षी अत्यंत साधी असूनही या कसोटीवर उतरलेले पाते हे भडक नक्षीच्या बेढब पात्यापेक्षा वरचे मानले जाते.

पात्याचे वय कशावरून सांगतात?

बहुतेक केरिसवर तारीख नसते आणि कारागिराची सहीही नसते. क्नाउदच्या केरिससारखी उदाहरणे विरळाच. म्हणून घडणीची शैली, लोखंडाचा पोत, बुंध्याचे प्रमाण, गोंजोचा घाट आणि नक्षीची पद्धत एकत्र पाहून तो पाजाजारान, माजापाहित, तुबान, मातारम, कार्तासुरा, सुराकार्ता की योग्याकार्ता यांपैकी कोणत्या राज्याच्या आणि काळाच्या परंपरेतला आहे, हे ठरवतात. या निदानाला ‘तांगुह’ म्हणतात. इंडोनेशिया १९४५ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतरच्या केरिसना ‘कामर्दिकान’ असे वेगळे नाव आहे.

तांगुह या शब्दातच ‘अंदाज’ हा अर्थ दडलेला आहे. तो प्रयोगशाळेचा अहवाल नसतो. माजापाहितची शैली नंतरच्या काळातील एम्पूही वापरू शकतो. म्हणजे ‘तांगुह माजापाहित’ याचा अर्थ केरिस माजापाहितच्या शैलीतला आहे एवढाच होतो. तो त्याच शतकात घडला, हे सांगायला वेगळा पुरावा लागतो. दोन अनुभवी जाणकार एकाच पात्याचे तांगुह वेगळे सांगतात, असेही घडते.

नकली नक्षी आणि बनावट म्हातारपण कसे ओळखावे?

सर्वांत स्वस्त फसवणूक म्हणजे साध्या लोखंडी पात्यावर आम्लाने नक्षी काढणे. ती केवळ पृष्ठभागावर असते. खऱ्या पामोरात रेषा खोलवर जातात. पाते झिजले तरी नक्षी संपत नाही, फक्त बदलते. भिंगातून पाहिले तर उताराच्या जागी, म्हणजे पन्हळीच्या किंवा खळग्याच्या काठावर, खरे थर खाली उतरताना दिसतात. आम्लाची नक्षी तेथे तुटते.

दुसरा प्रकार नवे पाते जुने दाखवण्याचा. शतकानुशतके वापर आणि सफाई झालेले पाते ठराविक ठिकाणी झिजते. धारा आत जातात, ग्रेनेंगचे दाते बोथट होतात, टोक बारीक होते. आम्लात बुडवून काढलेले पाते मात्र सगळीकडे सारखेच खड्डेदार होते. मुठीत लपलेली पेसीही पाहावी. पाते अतिजीर्ण आणि पेसी कोरी करकरीत असेल, तर शंका घ्यावी. मात्र पेसी तुटल्यावर नवी जोडण्याची पद्धतही आहे, हे विसरू नये.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पाते खरोखर जुने असते, पण बदललेले असते. सोंड तुटली म्हणून ती तासून वेगळा धापुर बनवणे, झिजलेली वळणे घासून पाते सरळ करणे, जुन्या पात्यात नवे सोगोकान कोरणे. ‘वुतुह’, म्हणजे अखंड आहे का, हा प्रश्न यासाठीच असतो. पात्याची रुंदी, जाडी आणि कोरीव भाग यांचे प्रमाण एकमेकांशी जुळत नसेल, तर कोणीतरी मागाहून हात फिरवलेला असतो.

पर्यटकांसाठी आणखी एक सावधगिरी. इंडोनेशियाच्या २०१०च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार संरक्षित वारसा वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. एखादा विक्रेता एकीकडे ‘पाचशे वर्षांपूर्वीचा’ म्हणतो आणि दुसरीकडे ‘विमानतळावर काही अडचण येणार नाही’ असेही सांगतो. यातले एक खरे नसते.

केरिसची निगा कशी राखतात?

जावाच्या पंचांगातील पहिला महिना ‘सुरो’. १६३३ मध्ये मातारमच्या सुलतान आगुंग यांनी चांद्र हिजरी महिने स्वीकारले, पण वर्षांची मोजणी शके १५५५ पासून पुढे तशीच चालू ठेवली. या सुरो महिन्यात राजवाड्यांत आणि अनेक घरांत वारसाशस्त्रांची विधिपूर्वक सफाई होते. तिला ‘जमासान’ म्हणतात.

आधी पाते नारळाच्या पाण्यात भिजवतात, मग लिंबाचा रस आणि रिठ्याने घासून गंज काढतात. पाते पांढरेशुभ्र झाले की ‘वारांगान’, म्हणजे सोमल आणि लिंबाच्या रसाचे द्रावण लावतात. नक्षी पुन्हा उठते. शेवटी चंदन किंवा फुलांचे सुगंधी तेल. सोमल अत्यंत विषारी असल्याने हे काम सरावलेल्या माणसाकडेच देतात. हौशी माणसाने घरी प्रयोग करणे जिवावर बेतू शकते. शिवाय प्रत्येक सफाईत थोडे लोखंड जाते. केरिस जपणारा हा विधी त्याला कणाकणाने झिजवतही असतो. म्हणून दर वर्षी आम्ल लावण्याऐवजी नुसते तेल बदलणे अनेक संग्राहक पसंत करतात.

नक्षीच्या ‘गुणां’वर कितपत विश्वास ठेवावा?

वोस वुताह घरात धान्य कमी पडू देत नाही, उदान मास व्यापाऱ्याला बरकत देतो, अदेग संकट टाळतो, अशा समजुती जावात खोल रुजलेल्या आहेत. केरिसच्या कोपाच्या कथाही आहेत. सर्वांत प्रसिद्ध कथा ‘पाराराटोन’ या ग्रंथातील. केन आरोकने एम्पू गांद्रिंगकडे केरिस मागितला. ठरलेल्या मुदतीत तो पूर्ण झाला नाही म्हणून त्याने त्याच अपुऱ्या केरिसने एम्पूचा जीव घेतला. मरताना एम्पूने शाप दिला. केन आरोकने १२२२ मध्ये सिंघासारीचे राज्य स्थापन केले, पण पुढे तोही त्याच केरिसने मारला गेला, असे ही कथा सांगते.

या समजुती वारशाचा भाग म्हणून समजून घ्यायच्या असतात. त्यातल्या काहींमागे कारागिरीचे शहाणपणही दिसते. ‘पेगात’ या शब्दाचा अर्थ तुटणे आणि घटस्फोटही. गाभा सुटलेले पाते घरात ठेवले तर संसार तुटतो, असे मानतात. संसाराचे माहीत नाही, पण असे पाते लढाईत नक्की तुटते. मात्र बाजारात याच श्रद्धेचा भाव लावला जातो. उदान मासला व्यापाऱ्यांची मागणी आहे, म्हणून तो नव्याने भरपूर घडवला जातो. नक्षीचा ‘गुण’ आणि पात्याचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पारखणाऱ्याने सोडायचे नसते.

आज केरिस कोण घडवते?

२०व्या शतकाच्या मध्यावर जावातील घडणीच्या भट्ट्या जवळपास थंडावल्या होत्या. १९७०च्या दशकात योग्याकार्ताजवळच्या एका घराण्याने काम पुन्हा सुरू केले. एम्पू जेनो हारुमब्रोजो हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. आज सुराकार्ताच्या कला संस्थेत केरिसचे शिक्षण मिळते आणि मदुरा बेटावरील सुमनेप जिल्ह्यात मोठ्या संख्येने कारागीर काम करतात. नवा केरिस म्हणजे नकली केरिस नव्हे. नवा म्हणून विकलेला, नीट घडवलेला केरिस अस्सलच असतो. नव्याला जुना म्हटले की फसवणूक सुरू होते.

मग दिपोनेगोरोंच्या केरिसचे काय?

हा केरिस कर्नल क्लेरेन्स यांनी १८३१ मध्ये डच राजे पहिले विलेम यांना दिला. तो राजघराण्याच्या दुर्मीळ वस्तूंच्या संग्रहात ठेवला गेला. १८८३ मध्ये तो संग्रह मोडीत निघाला, वस्तू लायडनच्या संग्रहालयात गेल्या आणि इतर केरिसांच्या गर्दीत या एकाची ओळख हरवली.

ती पुन्हा पटली कागदांमुळे. दिपोनेगोरो यांचे सेनानी सेंतोत यांनी जावानीजमध्ये लिहिलेल्या मजकुरात ‘क्याई नागा सिलुमान’ या केरिसचा उल्लेख होता आणि तेव्हा नेदरलँड्समध्ये असलेले जावाचे चित्रकार रादेन सालेह यांनी त्यावर टिपण लिहून नावाचा अर्थ व केरिसचे वर्णन दिले होते. संग्रहालयातील संशोधकांनी हे वर्णन प्रत्यक्ष पात्याशी जुळवले. इंडोनेशियातील तज्ज्ञांनी, त्यांत गाजाह मादा विद्यापीठाचे इतिहासकार श्री मार्गाना होते, तो निष्कर्ष तपासून मान्य केला.

तरी शंका आली, कारण परत आलेल्या पात्यावर नागाचे अंग दिसते. धापुराच्या नियमाने तो ‘नागासास्रा’च्या जवळ जातो. ‘नागा सिलुमान’ धापुरात अंग दिसायला नको. याचे उत्तर असे दिले गेले की, धापुराचे नाव हे प्रकाराचे नाव आहे, तर ‘क्याई नागा सिलुमान’ हे त्या एका शस्त्राला मालकाने दिलेले नाव. मुलाचे नाव ‘भीम’ ठेवले म्हणून तो धिप्पाड असेलच असे नाही, तसेच हे. ज्यांना हा खुलासा पटला नाही, त्यांचा आक्षेपही निराधार नव्हता. ते पात्यावरची खूण वाचत होते आणि खूण त्यांनी बरोबर वाचली होती.

या वादाने केरिसच्या पारखेची मर्यादाही दाखवली. धापुर, पामोर, लोखंड आणि जोड पाहून पाते कोणत्या जातीचे, कोणत्या परंपरेतले आणि किती चांगले हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. ते कोणाच्या कमरेला होते, हे मात्र पाते सांगत नाही. त्यासाठी कागद लागतात. केरिस घरात वारशाने आला असो वा दुकानातून, तो कोणाकडून, कधी आणि कसा आला हे लिहून ठेवणे म्हणूनच सफाईइतके महत्त्वाचे आहे. दिपोनेगोरोंचा खंजीर ओळखता आला, तो त्या काळी कोणीतरी असे लिहून ठेवले म्हणून.